हिंकल फील्डहाउस: सामना नसेल त्या दिवशी जा

गेल्या ऑक्टोबरमध्ये बाबा सोलापूरहून आमच्याकडे आले, तेव्हा त्यांच्या बॅगेत दोन डझन कडक भाकऱ्या, शेंगाचटणीचा डबा आणि नातीसाठी आणलेली शिट्टी होती. बाबा तीस वर्षं शाळेत पी.टी.चे सर होते आणि मुलींना बास्केटबॉल शिकवायचे. मीही त्यांच्याच संघात खेळले. घरी बाबा, मैदानावर सर. अमेरिकेत आलेल्या आईवडिलांना आपण नायगारा दाखवतो, शिकागोच्या उंच इमारती दाखवतो. मी बाबांना सगळ्यात आधी इंडियानापोलिसचं हिंकल फील्डहाउस दाखवलं. तुमच्या घरी असं कुणी खेळातलं माणूस येणार असेल, तर हे वाचा आणि त्यांना तिथे घेऊन जा. माझ्याकडून पाचपैकी पाच.

आम्ही इंडियाना राज्यातल्या कोलंबसला राहतो. कमिन्सचं मुख्यालय या गावात आणि कंपनीचे कारखाने, कार्यालयं पुण्यात, त्यामुळे इथे मराठी घरं बरीच आहेत. गणपतीत मोदकांची पातेली भरतात इतकी. पण इतकी वर्षं इथे राहूनही आपल्यातले बरेच जण हिंकलला गेलेले नाहीत. ‘कॉलेजचं जिम तर आहे, त्यात काय बघायचं?’ असं मला दोघातिघांनी विचारलं. त्यांच्यासाठी थोडं सविस्तर लिहिते.

ही इमारत बटलर विद्यापीठाची. १९२८ साली ती उघडली तेव्हा पंधरा हजार माणसं बसतील एवढी मोठी होती, आणि १९५०पर्यंत देशात याहून मोठं बास्केटबॉलचं सभागृह नव्हतं. एवढी मोठी का बांधली, याचं उत्तर कॉलेजच्या नाही, शाळांच्या सामन्यांत आहे. इंडियानाच्या शालेय राज्य स्पर्धेची अंतिम फेरी इथे भरायची आणि माणसं मावायची नाहीत. मधली युद्धाची वर्षं सोडली, तेव्हा इथे लष्कराच्या बराकी होत्या, तर १९७१पर्यंत मुलांची अंतिम फेरी याच इमारतीत झाली. नाव आधी बटलर फील्डहाउस होतं. १९६६मध्ये ते टोनी हिंकल या प्रशिक्षकाचं झालं. आज आपण जो नारिंगी बास्केटबॉल बघतो, तो रंग आणण्यात याच गृहस्थांचा हात होता. त्याआधी चेंडू गडद तपकिरी असायचा आणि प्रेक्षकांना नीट दिसायचा नाही. १९८७मध्ये इमारतीला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला. २०१४मध्ये मोठं नूतनीकरण झालं आणि आता साधारण नऊ हजार शंभर जण बसतात.

आम्ही एका गुरुवारी सकाळी निघालो. कोलंबसहून पासष्ट नंबरच्या हायवेने तासभर, मग शहरातून उत्तरेला. बाबांनी गाडीतच कडक भाकरी मोडून चटणीबरोबर खाल्ली, कारण ‘बाहेरचं काय मिळेल भरवसा नाही’. आम्हाला तिकीट पडलं नाही. सामना किंवा कार्यक्रम नसेल तेव्हा दिवसा आत जाऊन आपापलं फिरता येतं. निघण्यापूर्वी विद्यापीठाचं वेळापत्रक मात्र बघून घ्या. मागे एका दुसऱ्या शहरात खेळांचं एक संग्रहालय बघायला आम्ही माणशी पस्तीस डॉलर मोजले होते. आत सगळीकडे पडदेच पडदे, बोट लावा आणि चित्र हलवा. खऱ्या खेळाचा वास कुठेच नाही. इथे एक पैसा न देता आम्ही दोन तास बसलो आणि उठावंसं वाटेना.

बाहेरून बघाल तर विटांची मोठी, वळणदार छपराची साधी इमारत. बाबा म्हणाले, ‘आपल्या गिरणीसारखी दिसते गं.’ सोलापूरच्या माणसाला विटांची मोठी इमारत दिसली की गिरणीच आठवणार. आत जिन्याजिन्यांनी फिरताना भिंतींवरचे जुने फोटो बघत चला, पण तिथे फार वेळ घालवू नका. दाराशी या आणि थांबा. वर पोलादी कमानींचं छप्पर आणि दोन्ही टोकांना उंच काचांच्या खिडक्या. दुपारचं ऊन त्यातून थेट मैदानावर पडतं. फरशी मधासारखी दिसते आणि कडेची बाकं अंधारात राहतात. हल्लीच्या बंद डब्यासारख्या स्टेडियममध्ये हा उजेड नसतो. म्हणून म्हणते, सामना नसताना जा, आणि दुपारी जा.

बाबा फोटो काढायला थांबलेच नाहीत. ते सरळ खाली मैदानाच्या कडेला गेले. आत पाय टाकायचा नाही हे त्यांना सांगावं लागलं नाही. बूट घालून कोर्टवर कुणी पाय ठेवला तर ते आम्हाला दोन फेऱ्या पळवायचे. रेषेबाहेर उकिडवं बसून त्यांनी फरशीवर तळहात ठेवला आणि दाबून बघितला. मग दोन फळ्यांच्या सांध्यावरून अंगठा फिरवला. ‘खालून पोकळ आहे. म्हणून गुडघे टिकतात पोरांचे.’ आमचं मैदान मातीचं होतं. पाण्याच्या लोखंडी पाइपांचे दोन खांब, त्यावर फळ्या ठोकून केलेले बोर्ड आणि स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी मारलेली फक्की. सकाळी वारा सुटला की रेषा उडून जायच्या, आणि पहिल्या दहा मिनिटांनंतर बाहेर गेलेला चेंडू पंचांच्या मनावर असायचा. जाळी कायम एकाच रिंगला. त्या फरशीवर टेकलेला बाबांचा हात मी बराच वेळ बघत उभी होते.

मग आम्ही बाकांवर बसलो आणि मी त्यांना बॉबी प्लम्पची गोष्ट सांगितली. ही गोष्ट ठाऊक असल्याशिवाय इथे येण्यात अर्थ नाही, म्हणून तुम्हालाही सांगते.

मिलान हे इंडियानाच्या आग्नेय कोपऱ्यातलं हजार-बाराशे वस्तीचं गाव. हायस्कूलमध्ये पोरं-पोरी मिळून १६१. त्यात मुलगे ७३, आणि त्यातल्या ५८ जणांनी बास्केटबॉल संघाच्या निवडीला नाव दिलं होतं! बॉबी तर मिलानचाही नाही, शेजारच्या पियर्सव्हिलचा. सहा भावंडांत धाकटा, आई पाच वर्षांचा असताना गेलेली. तो बारा वर्षांचा होईपर्यंत घरात वीज नव्हती. वडिलांनी शेडवर बोर्ड ठोकून दिला, त्यावर हा आणि गल्लीतली तीन पोरं अंधार पडेपर्यंत खेळायची. ती चौघंही पुढे त्याच संघात आली. प्रशिक्षक मार्विन वूड सव्वीस वर्षांचा, बटलरमध्ये खुद्द हिंकलच्या हाताखाली खेळलेला.

त्या काळी इंडियानात लहान शाळा, मोठी शाळा असे गट नव्हते. सगळ्यांची एकच स्पर्धा. आपल्याकडे एखाद्या वाडीवरच्या शाळेने तालुका, जिल्हा, विभाग करत करत राज्याच्या अंतिम सामन्यात यावं आणि समोर शहरातली दहापट मोठी शाळा असावी, तसं. आदल्या वर्षी, १९५३ला, मिलान शेवटच्या चारांत येऊन साउथ बेंड सेंट्रलकडून ५६–३७ असं सपाटून हरलं होतं. २० मार्च १९५४ला ते परत आले. समोर मन्सी सेंट्रल, चार वेळा राज्य जिंकलेली. पंधरा हजार प्रेक्षक. मिलान मध्यंतराला २३–१७ पुढे, तिसऱ्या भागाअखेरीस २६–२६, आणि मग मन्सी २८–२६ पुढे.

आणि इथे प्रशिक्षकाच्या सांगण्यावरून प्लम्पने चेंडू हातात धरला आणि उभा राहिला. टप्पा नाही, पास नाही. तेव्हा किती सेकंदांत चेंडू टाकलाच पाहिजे असा नियम नव्हता. शेवटचा भाग आठ मिनिटांचा, त्यातली चार मिनिटं तेरा सेकंद तो नुसता उभा. तेही स्वतः दोन गुणांनी मागे असताना!

बाबांना हे पटेना. ‘मागे असताना कोण थांबतं?’ मग म्हणाले, ‘थांब, बघूया किती होतात ते.’ त्यांनी मनगटावरचं एचएमटी काढून हातात घेतलं आणि आम्ही तिघं त्या रिकाम्या इमारतीत गप्प बसलो. माझी मुलगी चौदा वर्षांची. पहिल्या मिनिटात तिने दोनदा पाय हलवले. दुसऱ्या मिनिटाला मला वर कुठेतरी पंख्याची घरघर ऐकू यायला लागली. तिसऱ्या मिनिटाला खिडकीतलं ऊन फरशीवरच्या एका रेषेपाशी आलेलं दिसलं आणि मनात आलं, सतरा वर्षांचं पोर, हातात चेंडू, पंधरा हजार माणसं ओरडतायत. चौथं मिनिट संपेना. बाबांनी ‘झाली’ म्हटलं तेव्हा मुलीने मोठा श्वास सोडला. ‘आजोबा, हे फार आहे,’ ती म्हणाली. बाबांनी घड्याळ मनगटावर चढवलं आणि फक्त म्हणाले, ‘त्या मास्तरचं काळीज बघ.’ माझी या जागेची खरी शिफारस हीच आहे. जा, बसा आणि चार मिनिटं तेरा सेकंद मोजा.

पुढचं भराभर झालं. प्लम्पचा नेम चुकला, पण मन्सीने चेंडू गमावला. रे क्राफ्टने बरोबरी साधली, प्लम्पने दोन फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारे मोकळे नेम) टाकले, मन्सीने परत ३०–३० केलं. अठरा सेकंद उरले. टाइम आउटमध्ये संघातल्याच जीन व्हाइटने सुचवलं की बाकी चौघांनी एका बाजूला व्हायचं आणि प्लम्पला मोकळी जागा द्यायची. प्लम्पने डावीकडे हूल दिली, उजवीकडे घुसला, थांबला आणि फ्री थ्रोच्या अंतरावरून उडी मारून चेंडू टाकला. तीन सेकंद उरलेले. ३२–३०. दुसऱ्या दिवशी हजार-बाराशेच्या त्या गावात त्यांच्या स्वागताला चाळीस हजार माणसं जमली असं सांगतात, आणि मोटारींची रांग तेरा मैल. पुढे हॉलिवूडने या विजयावरून चित्रपट काढला, त्याचा अंतिम सामनाही याच इमारतीत चित्रित केला.

प्लम्प त्या वर्षीचा ‘मिस्टर बास्केटबॉल’, म्हणजे राज्यातला सर्वोत्तम शालेय खेळाडू ठरला. मग याच बटलरमध्ये शिकला, म्हणजे ज्या फरशीवर तो चेंडू टाकला तिथेच आणखी चार वर्षं खेळला. नंतर विमा व्यवसायात गेला. १९९५मध्ये त्याच्या कुटुंबाने इथून जवळच ब्रॉड रिपल भागात खाण्यापिण्याचं ठिकाण काढलं, नाव ‘प्लम्प्स लास्ट शॉट’. १९९७नंतर शाळांचे आकाराप्रमाणे गट झाले, त्याला त्याने जाहीर विरोध केला होता. मला त्याचं म्हणणं पटतं. गट केले की जिंकणाऱ्या शाळा वाढतात, पण मिलान पुन्हा होत नाही. बाबांचं मत उलटं. लहान शाळेच्या पोरांनी दरवर्षी पहिल्याच फेरीत मार खायचा, आणि सत्तर वर्षांत एकदा झालेल्या गोष्टीवर समाधान मानायचं का, असं ते म्हणाले. परतीच्या वाटेवर यावरच आमचं वाजलं.

पण हिंकलहून फक्त मिलानची गोष्ट घेऊन परत येऊ नका. ती अर्धीच आहे.

त्याच १९५४च्या स्पर्धेत, याच इमारतीत, अंतिम फेरीच्या एक पायरी आधी मिलानने क्रिस्पस अ‍ॅटक्स या शाळेला ६५–५२ हरवलं होतं. अ‍ॅटक्स ही इंडियानापोलिसच्या काळ्या मुलांची शाळा. १९२७ साली शहराने त्यांना गोऱ्या शाळांतून वेगळं काढायला ती बांधली. १९४२पर्यंत या शाळेला राज्य स्पर्धेत पायच ठेवू दिला नव्हता. शाळेचं स्वतःचं जिम इतकं लहान की तिथे सामने घेता येत नसत, म्हणून त्यांचं जवळजवळ ‘घरचं मैदान’ हेच. त्या दिवशी हरलेल्या संघात एक दहावीतला मुलगा होता, ऑस्कर रॉबर्टसन.

पुढच्या वर्षी, १९५५ला, प्रशिक्षक रे क्रो आणि ऑस्करच्या अ‍ॅटक्सने आधी मन्सी सेंट्रलला एका गुणाने हरवलं, ७१–७०. शेवटचा पास ऑस्करने मधेच हिसकावला. मग अंतिम सामन्यात गॅरीच्या रूझवेल्ट शाळेला ९७–७४. सर्वांसाठी खुली असलेली राज्य स्पर्धा जिंकणारी ही देशातली पहिली संपूर्ण काळ्या मुलांची शाळा. १९५६ला परत जिंकले, आणि या वेळी पूर्ण हंगामात एकही सामना न हरता. असं इंडियानात आधी कुणीच केलं नव्हतं. त्या अंतिम सामन्यात ऑस्करचे एकट्याचे ३९ गुण. पुढे १९६०च्या रोम ऑलिंपिकचं सुवर्णपदक, मग एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये त्याने काय केलं ते बास्केटबॉल बघणाऱ्यांना ठाऊक आहे.

आता हे शेजारी शेजारी ठेवा. १९५४ला मिलानची पोरं जिंकली, तेव्हा पोलिसांनी त्यांच्या गाड्या शहराच्या मधोमध असलेल्या मॉन्युमेंट सर्कलभोवती उलट्या दिशेने फिरवल्या, कौतुकाने! १९५५ला अ‍ॅटक्सची पोरं अग्निशमन दलाच्या गाडीवर उभी होती. त्यांना सर्कलला एक फेरी मारू दिली, आणि मग गाडी तिथे न थांबता सरळ काळ्या वस्तीतल्या नॉर्थवेस्टर्न पार्ककडे नेली. शेकोटी तिथे, नाच तिथे. आपल्याच शहरासाठी पहिल्यांदा राज्य जिंकून आणलेल्या पोरांना शहराच्या चौकात आनंद करू दिला नाही. इंडियानापोलिसच्या कुठल्याच शाळेने तोवर ही स्पर्धा जिंकली नव्हती. हे सांगताना माझा आवाज चढला असावा, कारण मुलीने मला हळू बोल म्हणून खूण केली. बाबा काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारलं, ‘तोच का तो रिंग?’ मी म्हटलं, रिंग बदलला असेल, जागा तीच. ते उठून मैदानाच्या दुसऱ्या टोकाला गेले आणि तिथून परत एकदा सगळं बघितलं.

शहरात अ‍ॅटक्स शाळेच्या इमारतीतच त्यांचं संग्रहालय आहे. आधी वेळ विचारून तिथेही जा, शक्यतो हिंकलच्याच दिवशी. मिलान गावातही एका जुन्या बँकेच्या इमारतीत १९५४च्या संघाचं छोटं संग्रहालय आहे, आणि राज्याचं बास्केटबॉल हॉल ऑफ फेम न्यू कॅसलला. सवड असेल तर तीही बघा. पण दोन्ही गोष्टी एका जागी घडल्या त्या इथे.

मुलींना घेऊन जाणाऱ्यांसाठी आणखी एक. मुलांची राज्य स्पर्धा १९११पासून, मुलींची थेट १९७६पासून. पासष्ट वर्षांनी! ती पहिली स्पर्धा वॉर्सॉ नावाच्या गावाने जिंकली आणि ज्युडी वॉरन ही त्यांची बुटकी, वाऱ्यासारखी पळणारी गार्ड राज्याची पहिली ‘मिस बास्केटबॉल’ झाली. माझी मुलगी हे ऐकून पुढे सरकून बसली. बाबांनी आमचा संघ १९८४ला सुरू केला, तेव्हा मुलींनी हाफ पँट घालायची की नाही यावर तीन पालकसभा झाल्या होत्या. आम्ही पहिलं वर्ष सलवारीत खेळलो. १९८६ला आम्ही विभागात पहिल्या आलो. ती ढाल मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या कपाटात होती. नंतर शाळेची नवीन इमारत झाली आणि जुन्या ढाली, चषक, भिंतीवरचे फोटो भंगारात गेले. कुणी मुद्दाम केलं नाही, कुणाच्या लक्षातच आलं नाही. बाबांना ते दोन महिन्यांनी कळलं.

थोडं कामाचं. वरच्या रांगांकडे जाणाऱ्या पायऱ्या उभ्या आहेत, ज्येष्ठांनी खालीच बसावं, दिसतं सगळं छान. चालायचे बूट घाला. शक्य असेल तर सामन्यालाही एकदा जा. आम्ही जानेवारीत मुलीबरोबर बटलरचा एक सामना बघितला होता, आणि बाकं पायांनी वाजवायला लागले की पोटात धडधडतं. पण पहिली भेट रिकाम्या वेळीच ठेवा.

निघताना बाबांनी मला रेषेबाहेर उभं केलं. प्लम्पची जागा साधारण तिथून समोर दिसत होती. हातात चेंडू नव्हता. ‘कोपर आत,’ ते म्हणाले. मी हात वर केला. ‘अजून आत. मनगट सोड.’ ‘हो सर,’ माझ्या तोंडून निघून गेलं. इतक्या वर्षांत मी त्यांना सर म्हटलेलं नव्हतं. त्यांना ते जाणवलं की नाही, कळलं नाही. ते माझ्या कोपराकडेच बघत होते.

त्या रात्री अकरा वाजता, म्हणजे सोलापुरात सकाळ झालेली, बाबा स्वयंपाकघरात फोन घेऊन बसले होते. पलीकडे आमची ८६ची कॅप्टन होती, आता तीही आजी झालीय. बाबा तिला विचारत होते, शाळेच्या पायऱ्यांवर आपण काढला होता तो फोटो कुणाच्या घरी आहे का, नीट आठव, पेटीत, देवघराच्या मागे, कुठेही. आणि दुसऱ्या हाताने ते माझ्या मुलीच्या वहीच्या पाठीमागे नावं लिहीत होते, बाराजणींची, जर्सीच्या नंबरासकट.